जमा आणि दिले



दिवाळी तोंडावर आली की माझ्या मनात दोन वर्षांपूर्वीचा एक प्रसंग हमखास येतो. त्याबद्दल लिहायचे बरेच दिवस टाळत होते, कारण त्यात माझीच चूक आहे. पण यंदा लिहून टाकते.

धनत्रयोदशीच्या आधीचा रविवार होता. सूनबाईबरोबर एका मोठ्या दुकानात सामान भरायला गेले होते. सुका मेवा, तूप, पाहुण्यांसाठी टॉवेल, कपड्यांची पावडर, असे बरेच काही. पावडरच्या पाकिटावर एका हसऱ्या मुलीचे चित्र होते आणि लिहिले होते की या खरेदीतला काही भाग मुलींच्या शिक्षणासाठी जाईल. एक पाकीट हवे होते, मी तीन घेतली. काउंटरवर बिल झाले ३,४८७ रुपये. मुलगा म्हणाला, "मॅडम, राउंड फिगर करू का? तेरा रुपये गरजू मुलांसाठी."

मी विचारले, "कोणत्या संस्थेला देता?"

"ते वरून ठरतं, मॅडम."

"मग पावती?"

तो गोंधळला. मागे रांग वाढलेली. सूनबाई हळूच म्हणाली, "आई, तेरा रुपयांसाठी कशाला?" पण मी बी.कॉम. झालेली, आणि चाळीस वर्षे घराचा हिशेब पैशापैशाने लिहिणारी. मी मॅनेजरला बोलावून घेतले. तरुणच होता, सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, दिवाळी संपली की आम्ही बोर्ड लावतो. ग्राहकांकडून इतके रुपये जमा झाले, असा."

मी म्हटले, "जमा झाले हे कळलं. दिले किती?"

त्याच्याकडे उत्तर नव्हते. मी तेरा रुपये न देता बाहेर पडले. मोठ्या तोऱ्यात. रिक्षात बसल्यावर मात्र तो 'जमा' शब्द डोक्यातून जाईना. हा शब्द असाच आपणही कुठेतरी वापरला आहे, असे वाटत राहिले. कुठे, ते पुढे सांगते. आधी या पाकिटांचे सांगते, कारण त्या रविवारनंतर मी या गोष्टीच्या मागेच लागले.

ही पद्धत नवी नाही. १९८३ साली अमेरिकेत अमेरिकन एक्सप्रेस या कार्ड कंपनीने जाहीर केले की ग्राहकाने कार्ड वापरले की दर वेळी एक सेंट, आणि नवे कार्ड घेतले की एक डॉलर, न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या दुरुस्तीला देऊ. त्यातून सुमारे १७ लाख डॉलर पुतळ्याला मिळाले. त्याच काळात कार्डाचा वापर एक चतुर्थांशाहून जास्त वाढला, आणि या योजनेच्या जाहिरातीवर कंपनीने दानाच्या रकमेपेक्षा कितीतरी जास्त खर्च केला. पुतळ्याचे काम झाले, कंपनीचा धंदाही झाला. तेव्हापासून जगभर ही रीत पडली.

आपल्याकडेही ती केव्हाच आली. २००२ साली टाटा मिठाची 'देश को अर्पण' ही योजना होती. ठरावीक काळात विकलेल्या दर किलोमागे दहा पैसे, 'क्राय' या संस्थेमार्फत मुलांच्या शिक्षणासाठी. २००५ पासून प्रॉक्टर अँड गॅम्बलची 'शिक्षा' योजना आली. एरियल, टाइड, विक्स वगैरे वस्तू घेतल्या की विक्रीतला काही भाग शाळांसाठी. क्लासमेट वह्यांच्या मागे छापलेले असते की चार वह्यांमागे एक रुपया कंपनी समाजकार्याला देते. आपल्या घरातल्या मुलांनी याच वह्यांत गणिते केली आहेत, पण मागचे पान किती जणींनी वाचले असेल?

मी हिशेब करून पाहिला. वही पन्नास रुपयांची धरली तर चार वह्यांचे दोनशे, आणि त्यात दान एक रुपया, म्हणजे अर्धा टक्का. आमच्या घरात महिन्याला किलोभर मीठ लागते, म्हणजे माझ्या मिठाच्या पुडीतून महिन्याला दहा पैसे. यात लबाडी आहे असे मी म्हणत नाही. कोट्यवधी पुड्या विकल्या की दहा पैशांचीही मोठी रक्कम होते आणि त्यातून कुठेतरी शाळेची खोली उभी राहते. आकडा छापतात त्यांचे तर मी कौतुकच करीन. दहा पैसे म्हटले म्हणजे दहा पैसे, एक रुपया म्हटले म्हणजे एक रुपया. माझी शंका आहे ती 'काही भाग' या दोन शब्दांची. काही म्हणजे किती? कुणाला? कधीपर्यंत? वरची मर्यादा काय? ठरावीक रक्कम पूर्ण झाली की पुढच्या पाकिटांतून काहीच जात नाही, अशीही योजना असू शकते. पण पाकिटावरची मुलगी हसतच राहते.

कायदाही जरा समजून घेतला. २०१३ च्या कंपनी कायद्याचे कलम १३५ आहे. १ एप्रिल २०१४ पासून मोठ्या कंपन्यांना आपल्या मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावे लागतात. त्यालाच सीएसआर म्हणतात. म्हणजे आपण तीन पाकिटे घेतली काय नि एक घेतले काय, हा दोन टक्क्यांचा खर्च त्यांना करायचाच आहे. जानेवारी २०२१ मध्ये या नियमांत सुधारणा झाली, आणि त्यात स्पष्ट लिहिले आहे की आपल्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरता येणार नाही. वाचून मला हसू आले. सरकारच्या हिशेबातही दान आणि जाहिरात यांची खाती वेगळी आहेत. मग आपल्या मनात ती एकत्र का व्हावीत?

काउंटरवरच्या तेरा रुपयांचे तर आणखी वेगळे. ते दुकानाचे पैसेच नव्हेत, ते माझे. दुकान फक्त हातातून हातात पोचवणार. ८०जी ची सवलत हवी असेल तर संस्थेची पावती आपल्या नावाची लागते, आता संस्थेकडून १०बीई नावाचे प्रमाणपत्रही मिळते, आणि दोन हजारांच्या वर रोख दिले तर सवलत मिळत नाही. तेरा रुपयांवर कोण सवलत मागणार म्हणा! पण निदान कोणत्या संस्थेला ते तरी कळावे, आणि बिलावर त्याची वेगळी ओळ असावी.

आता आपल्या शास्त्राकडे येते. दशलक्षण पर्वात आपण रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतो. सातव्या दिवशी सातवा अध्याय येतो आणि त्याच्या शेवटी दानाची व्याख्या आहे. दुसऱ्याच दिवशी असतो उत्तम त्याग. हा योग मला फार आवडतो. उमास्वामींनी तिथे सांगितले आहे की उपकारासाठी आपल्या स्वतःच्या वस्तूचा त्याग म्हणजे दान. 'स्वतःच्या' हा शब्द महत्त्वाचा. आणि पुढे म्हटले आहे की विधी, द्रव्य, दाता आणि पात्र या चार गोष्टींप्रमाणे दानाचे फळ कमी-अधिक होते.

या चार गोष्टी मी त्या पावडरच्या पाकिटाला लावून पाहिल्या. दाता कोण? कंपनी. द्रव्य कुणाचे? कंपनीचे, किंवा किमतीतच धरलेले असेल तर माझेच. पात्र कोण? एका चित्रातली मुलगी, जिचे गाव नाही, शाळा नाही. विधी कोणता? दोन पाकिटे जास्त घेणे. मी काय त्यागले? काहीच नाही. उलट घरात परिग्रह वाढवला. ती दोन पाकिटे बेसिनखालच्या कपाटात होळीपर्यंत पडून होती. तरी घेताना मला कसे अगदी दान केल्यासारखे वाटले होते! आणि दान केल्यासारखे वाटले की माणूस खरे दान करायचे विसरतो. त्या आठवड्यात कामाच्या मावशींनी मुलाच्या परीक्षा फीसाठी हजार रुपये मागितले, तेव्हा मी म्हटले होते, "दिवाळीनंतर बघू, आत्ता फार खर्च झालाय."

इथपर्यंत लिहायला सोपे होते. आता 'जमा' शब्दाचे सांगते.

त्या रविवारी रात्री झोप लागेना तेव्हा उठून कपाटातली जुनी वही काढली. आमच्या महिला मंडळाची. मी तेव्हा खजिनदार होते. त्याच्या आदल्या वर्षी मंडळाने दिवाळीपूर्वी दोन दिवसांचे खरेदी-प्रदर्शन भरवले होते. साड्या, फराळ, पणत्या, उटणे, घरगुती मसाले, असे चाळीस स्टॉल. कार्यालयाच्या दारात मोठा फ्लेक्स होता : 'प्रत्येक खरेदीतला वाटा गरजू मुलींच्या शिष्यवृत्तीसाठी'. स्टॉलचे भाडे १,५०० रुपये आणि शिवाय विक्रीच्या पाच टक्के शिष्यवृत्तीला, असे ठरले होते. फ्लेक्स वाचून बायकांनी मनापासून खरेदी केली. "दानही होतंय ना," म्हणत दोन-दोन साड्या घेतल्या.

वहीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. स्टॉलभाडे ६०,००० रुपये. पाच टक्क्यांचे २१,०००. एकूण ८१,०००. खर्चाच्या बाजूला कार्यालय ३८,०००, मंडप आणि लाइट १४,५००, फ्लेक्स व छपाई ६,२००, चहा-जेवण ९,३००, पाहुण्यांच्या शाली, श्रीफळ, सन्मानचिन्ह २,६००. एकूण ७०,६००. शिल्लक १०,४००. एवढेच शिष्यवृत्तीला गेले. दोन मुलींना ५,२०० रुपये प्रत्येकी.

आणि सभेत मी काय वाचले? "शिष्यवृत्ती निधीसाठी एकवीस हजार रुपये जमा झाले." टाळ्या पडल्या. मंडळाच्या ग्रुपवरही तेच टाकले. अध्यक्षांनी सुचवले होते, "जमा तर झालेच ना, खोटं कुठे आहे?" खोटे नव्हतेच. पण दिले किती, हे कुणी विचारले नाही आणि मी सांगितले नाही.

त्या वर्षी तीन अर्ज आले होते. तिसरी मुलगी वडील नसलेली, बारावी कॉमर्स, सीएच्या फाउंडेशनचा क्लास लावायचा म्हणून आलेली. तिच्या आईला मीच फोन करून सांगितले होते, "या वर्षी निधी संपला हो, पुढच्या वर्षी नक्की." निधी संपला नव्हता. तिच्या वाट्याचा निधी शालींत, जेवणात आणि मंडपाच्या लाइटमध्ये गेला होता. मी दुकानातल्या त्या पोराला ज्या तोऱ्यात विचारले, तो तोरा मला कुठून आला होता?

माहेरी सांगलीकडे माझी आजी म्हणायची, बोललेले दान घरात ठेवून जेवू नये. मंदिरात बोली बोलली की आजोबा घरी येऊन आधी रक्कम पोचवायचे, मग ताटावर बसायचे. देवाला वाहिलेले निर्माल्य आपण वापरत नाही, तसेच बोललेले द्रव्य. आम्ही तर बोललेल्या द्रव्यातून जेवलो होतो. अक्षरशः.

पुढच्या सभेत मी वही उघडून वाचून दाखवली. सगळे आकडे. शांतता पसरली. मग एक म्हणाली, "झालं गेलं, आता उकरून काय काढता?" दुसरी म्हणाली, "खर्च तर लागणारच की, कार्यालय काय फुकट मिळतं?" ते खरेच आहे. कोणतेही काम खर्चाशिवाय होत नाही, मोठ्या संस्थांनाही व्यवस्थेचा खर्च असतो. पण मग फ्लेक्सवर तसे लिहायला हवे होते. शेवटी उरलेले १०,६०० रुपये आम्ही आपापसात गोळा करून त्या मुलीच्या आईकडे पोचवले. त्यातले निम्मे मी दिले, कारण सही माझी होती. आईने घेतले, पाणी दिले, एक शब्द वाकडा बोलली नाही. एवढेच म्हणाली, "तिची ती बॅच गेली. आता एका ऑफिसात लागलीय." क्लास पुढे लावला की नाही, हे विचारायचा धीर मला झाला नाही. अध्यक्षा माझी पंचवीस वर्षांची मैत्रीण. भर सभेत बोलल्याचे तिला लागले. बरेच महिने तिचा फोन आला नाही. आता येतो, पण पूर्वीसारखा नाही.

मागच्या वर्षी प्रदर्शन पुन्हा भरवले. या वेळी दोन खाती वेगळी केली. स्टॉलभाड्यातून प्रदर्शनाचा खर्च भागवायचा. शाली-श्रीफळ बंद, जेवणाचे डबे घरून, चहाही घरून थर्मासमधून. या दोन बाबी गेल्या की खर्च ५८,७०० वर येतो आणि ६०,००० च्या भाड्यात बसतो, हे मी आधी मांडून दाखवले. फ्लेक्सवर लिहिले, 'घरगुती वस्तूंचे विक्री प्रदर्शन', बस. दारात वेगळी दानपेटी, तिच्यावर लिहिले की यातली पूर्ण रक्कम मुलींच्या शिष्यवृत्तीला जाईल. पेटीत १३,७५० रुपये निघाले. एकवीस हजारांपेक्षा कमी. पण त्याच आठवड्यात १३,७५० दिले, आणि ग्रुपवर 'जमा' आणि 'दिले' असे दोन्ही आकडे टाकले.

व्यापार आणि उपकार यांचा मेळ बसतच नाही, असे मला म्हणायचे नाही. आपल्या पुण्यातच मार्केट यार्डात दि पूना मर्चंट्स चेंबरचे व्यापारी तीस वर्षांहून अधिक काळ दिवाळीला रास्त भावात लाडू-चिवडा विकतात, ना नफा ना तोटा या तत्त्वावर. दर आधी जाहीर होतो. बाजारातला दर कुणालाही माहीत असतो. दोन्हींतला फरक किती, हे रांगेतली बाई बोटांवर मोजू शकते, आणि तो फरक तिच्याच घरी जातो. तिथे 'काही भाग' नाही. व्यापाऱ्याने आपला नफा सोडला, एवढा साधा त्याग. आपल्या शास्त्रातल्या चारही गोष्टी तिथे डोळ्यांना दिसतात.

आणि द्रव्य स्वतःचे असावे म्हणजे काय, हे तर आपल्या समाजात वेगळे सांगायला नको. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा मोडले. आपल्याला तेवढे जमणार नाही, आणि कुणी मागतही नाही. पण त्यांच्यापुढे उभे राहून "मी तीन पाकिटे पावडर घेतली" असे सांगता येईल का, हे मी मनात विचारून पाहिले.

तेव्हापासून माझे काही साधे नियम आहेत. वस्तू हवी असेल तर घ्यायची, पाकिटावरच्या चित्रासाठी जास्त घ्यायची नाही. दोन सारख्या वस्तूंत एकीवर दानाचा आकडा आणि संस्थेचे नाव छापलेले असेल तर ती घेते, पण त्याला माझे दान समजत नाही. काउंटरवर विचारले तर संस्थेचे नाव विचारते. सांगितले तर देते, नाही सांगितले तर हसून नको म्हणते. त्या मुलावर आवाज चढवत नाही. पगारावर उभा असलेला पोर तो, त्याला काय माहीत असणार? आणि दिवाळीच्या खरेदीची यादी करतानाच दानाची रक्कम बाजूला काढून ठेवते, आहार, औषध, ज्ञान आणि अभय अशा चार पाकिटांत. खरेदीत पैसे कमी पडले तर खरेदी कमी होते, पाकिटांना हात लावायचा नाही.

मावशींना ते हजार रुपये मी त्याच दिवाळीत दिले. फीची तारीख तोपर्यंत गेली होती. त्यांनी दंडासह भरली. दंडाचे शंभर रुपयेही मी दिले.

निर्वाणदिनी पहाटे मंदिरात लाडू चढवून आलो की संध्याकाळी आपण ज्ञानलक्ष्मीची पूजा करतो. आमच्याकडे त्या वेळी पाटावर वही ठेवतात. यंदा नव्या वहीच्या पहिल्या पानावर मी आत्ताच दोन रकाने आखून ठेवले आहेत, 'जमा' आणि 'दिले'. तुमच्या मंडळात हिशेब कसा ठेवता, ते मला जरूर कळवा. आमच्यापेक्षा चांगली रीत असेल तर आम्ही ती उचलू.

सर्वांना वीर निर्वाण दिनाच्या शुभेच्छा. जय जिनेंद्र.